सिद्कीया राजाचा दुबळेपणा आणि मंडळीचा मवाळ पुढारी

प्रभूमध्ये प्रिय बंधू, सलाम.

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भलतीकडे जाणार नाही. गेल्या वर्षापासून तुम्ही मंडळीच्या पंच कमिटीचे अध्यक्ष आहात. चर्चच्या आवारातील दुकानगाळ्यांचे भाडे कित्येक वर्षांत वाढलेले नाही, काही गाळेधारकांची थकबाकी आहे, आणि त्यांतले काही जण जुन्या पंचांचे नातेवाईक आहेत. खजिनदारांनी हिशेब तुमच्यापुढे ठेवला, तो तुम्हांला पटला, आणि तुम्ही त्यांना म्हणालात, “तुमचे बरोबर आहे, पण माझे नाव घेऊ नका.” सभेत विषय निघाला तेव्हा दोन ज्येष्ठ पंचांनी आवाज चढवला आणि तुम्ही “पुढच्या सभेत पाहू” असे म्हणून विषय बाजूला ठेवला. त्यानंतर बायबल अभ्यासात यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ३८ वा अध्याय आला, आणि यहूदाचा राजा सिद्कीया याच्याविषयी वाचताना आपल्याविषयीच वाचतो आहोत असे तुम्हांला वाटले. आता तुम्ही विचारता की, स्वभावाने मवाळ असलेला माणूस पुढारीपणाला अपात्र असतो काय, तुम्ही राजीनामा द्यावा काय, आणि या राजापासून ख्रिस्ती पुढाऱ्याने नेमके काय शिकावे.

मंडळ्यांच्या पंचांना आणि नव्या पाळकांना कारभाराचे शिक्षण देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि या कामात सिद्कीयाचे अध्याय मी वारंवार शिकवतो. मंडळीतले बहुतेक पुढारी शौलासारखे मत्सरी किंवा अहाबासारखे लोभी नसतात. ते भले, देवभीरू आणि वाद टाळणारे असतात, आणि म्हणूनच त्यांना या राजाची जास्त गरज आहे. तरीही तुमच्या प्रश्नाची मांडणी मला थोडी बदलावीशी वाटते. तुम्ही स्वभावाविषयी विचारता आहात, पण माझ्या मते येथे स्वभाव हा मुद्दाच नाही. जे तुम्हांला खाजगीत पटले ते सर्वांसमक्ष, एका वाक्यात का होईना, तुमच्या तोंडून बाहेर पडले की नाही, हा मुद्दा आहे. सिद्कीया बुडाला तो याच ठिकाणी.

पुढे जाण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रत्येक मौन म्हणजे भित्रेपणा नव्हे. कोणी पाळकाकडे किंवा पंचाकडे आपले दुःख विश्वासाने सांगितले असेल तर ते सभेत न बोलणे हेच कर्तव्य असते. विषय केवळ आवडीनिवडीचा असेल, म्हणजे गायनाची पद्धत, उपासनेची वेळ, मंडपाचा रंग, तर अध्यक्षाने आपले मत गिळून बहुमताला वाट करून देणे शहाणपणाचे असते. तसेच तुमच्या मंडळीची घटना अध्यक्षाला कोणते अधिकार देते, मिळकत स्थानिक मंडळीच्या नावावर आहे की वरिष्ठ संस्थेच्या ट्रस्टच्या, यावरही बरेच काही अवलंबून आहे, आणि ते मला येथून दिसत नाही. पण देवाच्या घराचा पैसा कोणाच्या घरी जातो आहे हा आवडीनिवडीचा विषय नाही, एवढे मी ठामपणे म्हणतो.

आता राजाकडे येऊ, आणि प्रथम त्याला न्याय देऊ. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेम घेतले, १८ वर्षांच्या यहोयाखीन राजाला जेमतेम तीन महिन्यांच्या राज्यानंतर बाबेलास नेले, आणि त्याचा चुलता मत्तन्या याला गादीवर बसवून त्याचे नाव सिद्कीया ठेवले. तो तेव्हा २१ वर्षांचा होता आणि त्याने ११ वर्षे राज्य केले, असे २ राजे २४ मध्ये आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या बाबेलच्या बखरीच्या मातीच्या पाटीवरही या स्वारीची नोंद आहे. नबुखद्नेस्सराने यहूदाचे नगर घेऊन तेथे आपल्या पसंतीचा राजा नेमला, असे ती पाटी सांगते. म्हणजे हा राजा लोकांनी निवडलेला नव्हता, त्याचे आसन शत्रूच्या मर्जीवर होते, आणि अनुभवी सरदार, लढवय्ये, कारागीर व लोहार कैद होऊन गेल्यामुळे त्याच्याभोवती उरली होती ती नवी, उतावळी मंडळी.

त्यातही जुना राजा जिवंत होता. बाबेलात सापडलेल्या शिधावाटपाच्या पाट्यांत यहोयाखीनाचा उल्लेख यहूदाचा राजा असाच होतो. यहेज्केल संदेष्टा आपल्या दृष्टान्तांची वर्षे सिद्कीयाच्या राज्यारोहणापासून न मोजता यहोयाखीनाच्या बंदिवासापासून मोजतो. आणि हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्व लोकांसमोर सांगून टाकले की दोन वर्षांच्या आत यहोयाखीन परत येईल. एक राजा गादीवर असताना मंदिरातच दुसऱ्याच्या पुनरागमनाचे आश्वासन दिले जावे आणि लोकांनी ते आनंदाने ऐकावे, अशी ही अवस्था होती. बदली झालेल्या लोकप्रिय पाळकाच्या जागी जो येतो, किंवा पहिल्या पसंतीच्या उमेदवाराने नकार दिल्यावर ज्याची निवड होते, त्याला हे ओझे बरोबर कळेल. त्यामुळे सिद्कीयाला आयुष्यभर कोणाची ना कोणाची मर्जी सांभाळावी लागली, याचे मला नवल वाटत नाही.

पण त्याला सत्य माहीत नव्हते, ही सबब मात्र चालणार नाही. त्याने यिर्मयाकडे पशहूर आणि सफन्या याजक यांना पाठवून परमेश्वराला विचारायला सांगितले (अध्याय २१). पुढे आमच्यासाठी प्रार्थना कर, असा निरोप पाठवला (३७:३). यिर्मया योनाथान लेखकाच्या घरातील तळघरात कैद असताना त्याला वाड्यात गुप्तपणे बोलावून, परमेश्वराकडून काही वचन आहे काय, असे स्वतः विचारले (३७:१७). शेवटी मंदिराच्या तिसऱ्या दारापाशी पुन्हा एकांतात भेटून, माझ्यापासून काही लपवू नकोस, असे विनवले (३८:१४). त्याचा थोरला भाऊ यहोयाकीम याने यिर्मयाची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली होती. सिद्कीयाने तसे कधी केले नाही. उलट नगरात भाकरी मिळेनाशी होईपर्यंत भटाऱ्यांच्या आळीतून यिर्मयाला रोज एक भाकर द्यावी असा हुकूम त्याने केला. त्याला वचन हवे होते, वचन सांगणारा जिवंत राहावा असेही वाटत होते, आणि तरी त्या वचनाप्रमाणे एक पाऊलही त्याने टाकले नाही.

येथे थोडे थांबावे असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो, कारण २ इतिहास ३६:१२-१३ मध्ये या राजाविषयी जे लिहिले आहे ते पहिल्या वाचनात विसंगत वाटते. यिर्मयाच्या पुस्तकात सरदारांपुढे मान तुकवणारा हा माणूस, आणि इतिहासकार म्हणतो की त्याने आपली मान ताठ केली, मन कठीण केले, आणि संदेष्ट्यापुढे तो नम्र झाला नाही. मला या दोन्ही वर्णनांत विरोध दिसत नाही. माणसांपुढे मऊ असणे आणि देवापुढे कठीण असणे एकाच मनात सुखाने नांदू शकते. आपण स्वतःला मवाळ म्हणतो तेव्हा आपण कोणापुढे मवाळ आहोत, हे विचारले पाहिजे. ज्येष्ठ पंचांचे मन दुखवू नये म्हणून तुम्ही गप्प राहिलात, तेव्हा खजिनदारांचे मन दुखावलेच, आणि ज्या विधवांच्या मदतनिधीत त्या भाड्यातून भर पडली असती त्यांचा तर विचारही झाला नाही. मवाळपणा सर्वांना सारखा मिळाला नाही. ज्यांचा आवाज मोठा त्यांनाच तो मिळाला. सिद्कीयाच्या बाबतीतही तेच झाले.

३४ व्या अध्यायातील दासमुक्तीचा प्रसंग बायबल अभ्यासात फारसा घेतला जात नाही, पण कारभार पाहणाऱ्या माणसासाठी तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. खास्दी, म्हणजे बाबेलचे, सैन्य वेढा घालून बसले असताना सिद्कीयाने लोकांबरोबर करार केला की प्रत्येकाने आपल्या इब्री दासदासींना मोकळे करावे. सातव्या वर्षी दासाला सोडण्याचे नियमशास्त्र जुनेच होते, फक्त कोणी पाळत नव्हते. करार मंदिरात झाला, वासरू दुभागून लोक त्याच्या भागांमधून गेले, दास खरोखर मुक्त झाले. म्हणजे राजा चांगले निर्णय घेऊच शकत नव्हता असे नाही. पुढे मिसरी सैन्य येत असल्याची बातमी आली, खास्द्यांनी वेढा उठवला, आणि संकट टळले असे वाटताच मालकांनी त्याच माणसांना पुन्हा दास करून घेतले. या सगळ्यात राजाने त्यांना अडवल्याचा एक शब्दही अध्यायात नाही.

हे मी मंडळ्यांत अनेकदा पाहिले आहे. एका मंडळीत संजीवन सभांच्या आठवड्यात याकोबाच्या पत्रावर संदेश झाला, मजुराची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे हे वचन सर्वांच्या मनाला लागले, आणि त्याच महिन्यात कमिटीने चर्चच्या रखवालदाराचे वेतन वाढवण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. काही महिन्यांनी मी हिशेबवही पाहिली तेव्हा वेतन पुन्हा पूर्वीच्याच आकड्यावर आलेले होते. ठराव रद्द करणारा ठराव कोठेच नव्हता. कोणी विरोध केला नव्हता, भांडण झाले नव्हते. निधी कमी आहे म्हणून एका महिन्यात जुनी रक्कम दिली गेली, मग तीच चालू राहिली, आणि अध्यक्षांनी विचारले नाही. रखवालदाराने तरी कोणाकडे दाद मागायची होती? चांगला ठराव होणे हे पुढाऱ्याच्या कामाची सुरुवात असते, आणि दडपण ओसरल्यावर त्या ठरावाची राखण करणे हे खरे काम असते. सिद्कीयाला पहिले जमले, दुसरे जमले नाही, आणि यिर्मयाने परमेश्वराच्या नावाने जो कठोर न्याय सांगितला तो या दुसऱ्याबद्दल होता.

आता ३८ व्या अध्यायाकडे. शफट्या, गदल्या, युकाल आणि पशहूर हे चार सरदार राजाकडे येतात आणि म्हणतात की यिर्मयाला मारून टाकावे, कारण बाबेलला शरण जा असे सांगून तो लढणाऱ्यांचे हात कमकुवत करतो. ही तक्रार त्या काळची रोजची भाषा होती असे दिसते. १९३५ मध्ये लाखीश येथे खापरांवर लिहिलेली त्याच काळातील लष्करी पत्रे सापडली, आणि त्यांतल्या एका पत्रातही सरदारांचे शब्द हात कमकुवत करतात असाच शब्दप्रयोग आहे, फक्त तेथे आरोप उलट दिशेने, सरदारांवरच आहे. या चौघांपैकी दोघांची, म्हणजे शलेम्याचा पुत्र युकाल आणि पशहूरचा पुत्र गदल्या यांची नावे असलेले नखाएवढे मातीचे ठसे यरुशलेमेच्या दावीदनगरात २००५ आणि २००८ मध्ये उत्खननात मिळाले. कागदपत्रांवर ज्यांची मोहर चालत होती, असे हे वजनदार लोक होते. राजाने त्यांना उत्तर दिले ते ३८:५ मध्ये आहे: तो तुमच्या हाती आहे, तुमच्यापुढे राजाचे काही चालत नाही.

या वाक्यात तक्रार नाही, राग नाही, नुसती शरणागती आहे. ते खरे तरी होते काय, हे पुढच्याच ओळी सांगतात. सरदारांनी यिर्मयाला दोरांनी मल्कीयाच्या हौदात सोडले, हौदात पाणी नव्हते, चिखल होता, आणि तो चिखलात रुतला. राजवाड्यातील एबद-मलेख नावाच्या कूशी सेवकाला हे कळले. राजा त्या वेळी बन्यामिनी वेशीत बसलेला होता. वेस ही न्यायनिवाड्याची, चारचौघांची जागा. एबद-मलेख वाड्यातून निघून तेथे गेला आणि राजाला म्हणाला की या माणसांनी यिर्मयाशी जे केले ते वाईट आहे, तो आहे तेथे उपासमारीने मरेल. आणि ज्याचे काही चालत नव्हते त्याच राजाने लगेच हुकूम दिला की येथून तीस माणसे घे आणि त्याला बाहेर काढ. तीस माणसे निघाली, आणि सरदारांनी त्यांना अडवल्याचा उल्लेख नाही. राजाचा अधिकार होता. तो वापरला जात नव्हता, इतकेच.

मी पंचांना शिकवताना एबद-मलेखाच्या बोलण्याची रीत सावकाश वाचायला लावतो. त्याने राजाला दोष दिला नाही, जरी हुकूम राजाच्या तोंडूनच गेला होता. त्याने कृत्याला वाईट म्हटले, त्याचा परिणाम सांगितला, आणि राजाला करता येईल अशी एक गोष्ट त्याच्यापुढे ठेवली. हे सर्व त्याने उघड्यावर केले, आणि तो परदेशी होता, सेवक होता, त्याला गमावण्यासारखे राजापेक्षा कितीतरी जास्त होते. पुढे हौदाच्या काठी त्याने चिंध्या व जुनी कापडे दोरांनी खाली सोडून यिर्मयाला सांगितले की ती बगलेत धर आणि त्यावर दोर घे. दोर काचू नयेत म्हणून जुनेर शोधायला भांडारघराखालच्या खोलीपर्यंत जाणारा हा माणूस तुमच्याहून कमी मवाळ होता, असे मला वाटत नाही. त्याचा मवाळपणा हौदातल्या माणसाच्या वाट्याला आला, आणि वेशीत बोलायच्या वेळी तो त्याला आडवा आला नाही.

तुमचे खजिनदार तुमच्यासाठी एबद-मलेख होऊ पाहत आहेत. त्यांना “माझे नाव घेऊ नका” असे सांगणे हे ३८ व्या अध्यायाच्या शेवटच्या प्रसंगाशी फार जुळते, आणि हे मला स्पष्टच लिहिले पाहिजे. तिसऱ्या दारापाशी यिर्मयाने राजाला शेवटची वाट दाखवली: बाबेलच्या सरदारांकडे निघून जा, म्हणजे तुझा जीव वाचेल, तुझे घराणे वाचेल, आणि नगर जाळले जाणार नाही. त्यावर सिद्कीयाने आपले खरे भय बोलून दाखवले. ते नबुखद्नेस्सराचे नव्हते, उपासमारीचेही नव्हते. खास्द्यांना आधीच जाऊन मिळालेले यहूदी माझी फजिती करतील, हे ते भय होते. यिर्मयाने सांगितले की तसे होणार नाही, आणि ऐकले नाहीस तर तुझ्याच वाड्यातील स्त्रिया म्हणतील की तुझ्या जिवलग मित्रांनी तुला फसवले, तुझे पाय चिखलात रुतले आणि ते मागे फिरले. ज्या हसण्याला तो भ्याला ते अशा रीतीने त्याच्या घरातूनच यायचे होते. आणि एवढे ऐकून राजाने काय केले? हे बोलणे कोणाला कळू देऊ नकोस, सरदारांनी विचारले तर अमुक एक सांग, असे यिर्मयाला बजावले. नगराचे जगणे-मरणे ज्या भेटीत ठरायचे होते, तिचा शेवट भेट लपवण्याच्या तयारीत झाला.

पुढचे थोडक्यात सांगतो. ११ व्या वर्षी चौथ्या महिन्यात तटाला खिंडार पडले, राजा रात्री बागेच्या वाटेने पळाला, यरीहोच्या मैदानात पकडला गेला, रिब्ला येथे त्याच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र मारले गेले आणि मग त्याचे डोळे काढले. नगर आणि मंदिर जळाले. त्याच्या गप्प राहण्याची किंमत त्याने एकट्याने दिली नाही.

यावरून कोणी असा धडा घेऊ नये की पुढाऱ्याने करडे व्हावे, टेबलावर हात आपटावा आणि जुन्या पंचांना गप्प करावे. तो प्रयोग शलमोनाचा पुत्र रहबाम राजा याने करून पाहिला. माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे, असे लोकांना सांग म्हणणाऱ्या तरुण सल्लागारांचे ऐकून त्याने लोकांना कठोर उत्तर दिले आणि दहा वंश गमावले. पेत्राने मंडळीच्या वडीलजनांना सांगितले आहे की तुमच्या हाती सोपवलेल्यांवर धनीपण करू नका, कळपाला कित्ते व्हा. शिवाय तुम्ही राजा नाही. ख्रिस्ती मंडळीत राजा एकच आहे, आणि अध्यक्षाचा अधिकार सेवेपुरता व घटनेपुरता आहे. सिद्कीयापासून सत्ता कशी गाजवावी हे शिकायचे नसून आहे तेवढा अधिकार वेळेवर कसा वापरावा, हे शिकायचे आहे.

मवाळ माणसाने हे कसे करावे, याचा नमुना मला नव्या करारात निकदेम या यहूदी अधिकाऱ्यात सापडतो. तो येशूकडे प्रथम रात्री आला. योहानाच्या सातव्या अध्यायात मुख्य याजक व परूशी येशूला धरण्यावरून चिडलेले असताना त्याने एकच प्रश्न विचारला: एखाद्याचे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याचा न्याय करते काय? भाषण केले नाही, आपली श्रद्धा जाहीर केली नाही, फक्त नियम काय आहे ते विचारले. त्यावर त्याला टोमणा ऐकावा लागला, तूही गालीलातला आहेस काय. सभा उधळली, पण ते वाक्य बोलले गेले होते. आणि जेव्हा प्रेषित पांगले होते, तेव्हा हाच माणूस अरिमथाईकर योसेफाबरोबर येशूच्या दफनासाठी उघडपणे गंधरस घेऊन आला. योसेफाविषयी तर योहान स्पष्ट लिहितो की तो यहूद्यांच्या भीतीने गुप्त शिष्य होता. असे धैर्य माणसाला एकदम मिळत नाही. लहान, उघड वाक्यांनी ते वाढत जाते, असे मी माझ्या कामात पाहिले आहे.

तेव्हा तुमच्या सभेसाठी मी पुढीलप्रमाणे सुचवतो. प्रथम खजिनदारांना भेटून त्यांना दिलेली ती अट काढून घ्या; माझे नाव घ्यायला हरकत नाही, असे त्यांना सांगा. मग ज्या दोन ज्येष्ठ पंचांनी आवाज चढवला, त्यांच्या घरी जाऊन त्यांना स्वतंत्रपणे भेटा आणि हा विषय मी सभेत घेणार आहे व माझे मत काय आहे, हे त्यांना आधी कळू द्या. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील रीत तीच आहे, आणि वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत अचानक कोंडीत पकडणे आपल्या समाजात फार लागते. चहा घ्या, प्रार्थना करा, त्यांचे ऐकून घ्या. गाळे सुरुवातीला कोणत्या अडचणीत, कोणाच्या भल्यासाठी कमी भाड्याने दिले गेले, हे त्यांनाच ठाऊक असेल, आणि त्यांतले काही न्याय्यही असू शकेल. एखादा गाळेधारक खरोखर गरीब असेल, तर त्याला सवलत द्यायला हरकत नाही, पण ती सवलत ठरावात लिहिलेली असावी.

सभेत तुम्हांला भाषण करण्याची गरज नाही. एखादे वाक्य आधी कागदावर लिहून ठेवा आणि ते शांतपणे वाचा, उदाहरणार्थ, “खजिनदारांनी मांडलेला हिशेब मी तपासला आहे, तो मला बरोबर वाटतो, आणि अध्यक्ष म्हणून माझे मत असे आहे की थकबाकी वसुलीसाठी व नव्या भाडेकरारांसाठी आज निर्णय व्हावा.” ज्यांच्या नातेवाइकांचा संबंध आहे त्या पंचांनी मतदानात भाग घेऊ नये, हे निकदेमाच्या पद्धतीने, घटनेतील कलम विचारून पुढे आणता येते. मंडळीची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली असेल, तर इमारतीचा ३ वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय करता येत नाही, हेही सदस्यांच्या कानावर घाला. यामुळे विषय व्यक्तींवरून कायद्यावर येतो आणि ज्येष्ठांनाही मान राखून मागे सरता येते. जे ठरेल ते इतिवृत्तात त्याच दिवशी लिहून घ्या, आणि दासमुक्तीचा प्रसंग आठवून तिमाही आढाव्याची तारीख त्याच ठरावात घाला.

मतदानात तुमचा पराभव होऊ शकतो, आणि तशी तयारी ठेवा. तसे झाले तर आपले भिन्न मत इतिवृत्तात नोंदवायला सांगा आणि घटनेप्रमाणे वरिष्ठ मंडळाकडे जाण्याचा मार्ग असेल तर तो उघडपणे, कमिटीला सांगून घ्या. नावाशिवाय पत्रे पाठवू नका, आणि हा वाद प्रभुभोजनाच्या मेजापर्यंत नेऊ नका. माझ्या अनुभवात असा एकदा हरलेला अध्यक्ष मंडळीत लहान होत नाही. तरुण पंच त्याच्याजवळ येऊन बसू लागतात, कारण सभेत काय बोलता येते हे त्यांनी पाहिलेले असते.

राजीनाम्याविषयी माझे मत असे आहे की तो या सभेपूर्वी देऊ नये. आज दिलेला राजीनामा म्हणजे वेशीतून न बोलता उठून जाणे होईल, आणि खजिनदार त्या हिशेबासह एकटे पडतील. सभा झाल्यावर, मत नोंदवून झाल्यावर, तुमच्या प्रकृतीला किंवा घराला हे ओझे झेपत नाही असे दिसले, तर पाळकसाहेबांशी बोलून मुदत संपेपर्यंत थांबावे की नाही ते ठरवा. आणि एक व्यवहाराची गोष्ट: हा विषय विषयपत्रिकेत मागील इतिवृत्ताच्या मंजुरीनंतर लगेच घ्या. “आयत्या वेळचे विषय” या सदरात तो ठेवला, तर रात्रीचे नऊ वाजलेले असतील, लोकांना घरी जायचे असेल, आणि “पुढच्या सभेत पाहू” हे वाक्य तुमच्याऐवजी दुसरे कोणीतरी उच्चारील.